प्रिंट सुटली म्हणून हीट प्रेसचं तापमान वाढवू नका

डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) छपाईत, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग हीट प्रेसनं, म्हणजे तापवून दाबणाऱ्या यंत्रानं, ते कापडावर उतरवण्यात, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: धुतल्यावर प्रिंट सुटत असेल तर हीट प्रेसचं तापमान वाढवा. या सल्ल्यापायी लोकांचा चांगला माल वाया जातो. दोष बहुतेकदा प्रेसच्या आधीच झालेला असतो.

कापडाला धरून ठेवते ती शाई नाही, पांढऱ्या शाईवर टाकलेली टीपीयूची, म्हणजे उष्णतेनं वितळून चिकटणाऱ्या प्लास्टिकची पावडर. ती ओव्हनमध्ये पूर्ण वितळायला हवी. फिल्म उजेडात तिरकी धरून पाहा. सुटे, कोरडे दाणे दिसले तर पावडर कच्ची आहे. संत्र्याच्या सालीसारखा सलग, किंचित चकचकीत थर दिसला तर झाली. कच्च्या पावडरवर नुसता प्रेस जास्त तापवून भरवसा येत नाही, काही धुण्यांत कडा उचलू शकतात.

उलट जास्त उष्णतेनं नवीन दुखणं लागतं, विशेषतः पॉलिस्टरवर. लाल जर्सीचा रंग उष्णतेनं उडून पांढऱ्या शाईत शिरतो. प्रेसवरून काढताना पांढराशुभ्र दिसणारा नंबर दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेला असतो आणि त्यावर इलाज नाही. अशा कापडाला कमी तापमानाची पावडरच वापरा. गडद रंग असेल तर रंग अडवणारी काळी पावडर मिळते.

पावडर ठीक असेल तर आधी दाब तपासा. शिवणीवर किंवा बटणाजवळ तो हमखास कमी पडतो. सुती कापडातली ओल घालवायला ते आधी फिल्म न ठेवता काही सेकंद नुसतंच दाबा. कोल्ड पील (गार झाल्यावर सोलायची) फिल्म असेल तर ती पूर्ण गार झाल्याशिवाय ओढू नका.