एकच कातळ, दोन माती: कोल्हापूरच्या जांभ्यामागचा जुना पाऊस

राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, सापडते, तर शिरोळच्या शिवारात काळी कसदार माती. दोन्हींचा मूळ दगड एकच, काळा बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. बॉक्साइटच्या खाणी आणि उसाच्या क्षारपड जमिनी या विषयांवर जिल्ह्यात वेगवेगळ्या ठिकाणी वाद झडतात. दोन्हींची मुळे मात्र हवामानाने या कातळाचे काय केले, त्यात आहेत.

पावसाचे पाणी हवेतला, आणि त्याहून जास्त मातीतला, कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते. ते कातळाच्या भेगांत मुरते आणि खनिजांतले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळवू लागते. भेगांनी तुटलेल्या ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात, कारण तिथे पाणी दोन-तीन बाजूंनी लागते. म्हणून मुरमाच्या खाणीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतात. उष्णता वाढली की ही रासायनिक क्रिया वेग घेते. पण विरघळलेले द्रव्य वाहून नेणारे पाणी नसेल तर नुसत्या उष्णतेने फार काही होत नाही.

इथेच कोल्हापूरचा भूगोल कामाला येतो. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळकडे जेमतेम 500-600. पश्चिमेच्या पठारांवर पाण्याने खडकाचा मुख्य घटक असलेली सिलिकासुद्धा धुऊन नेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरले. लोहाने लाल, सच्छिद्र, हवा लागताच कडक होणारा जांभा दिला. ॲल्युमिनियम जिथे फार साठले तिथे बॉक्साइट. पूर्वेच्या सपाट खोऱ्यात पाणी रेंगाळते. तिथे सिलिका व मॅग्नेशियम टिकून राहिले, त्यांतून पाण्याने फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी चिकणमाती झाली, आणि कॅल्शियमचे चुनखडीचे खडे झाले. अशा जमिनीला वर्षभर पाटाचे पाणी दिले आणि निचरा ठेवला नाही, तर सोडियमचे क्षार पृष्ठभागावर येणारच. शिरोळच्या शेतकऱ्याने त्याची किंमत मोजली आहे.

या दगडाकडे अभ्यासकांचे लक्ष जुने आहे. फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगाडिपुरमजवळ पाहिलेल्या जांभ्याला 1807 मध्ये ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. 1845 मध्ये फ्रान्सच्या एबेलमेनने दाखवले की बेसॉल्टसारख्या खडकांचे विघटन होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. रशियाच्या दोकुचायेवने 1883 मध्ये तिकडच्या काळ्या मातीचा अभ्यास करून माती घडण्यात हवामानाचा मोठा वाटा असल्याचे मांडले. 1981 मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी एबेलमेनचा धागा पुढे नेला: पृथ्वी तापली की विघटन वाढते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि लाखो वर्षांच्या हिशेबात तापमान आवरले जाते. बेसॉल्ट इतर बहुतेक सिलिकेट खडकांपेक्षा लवकर विघटित होत असल्यामुळे या हिशेबात दख्खनचे पठार महत्त्वाचे ठरते. पंचगंगेच्या पाण्यातही हा विरघळलेला कार्बन आहे. नृसिंहवाडीला तो कृष्णेत जातो आणि पुढे बंगालच्या उपसागरात.

मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जांभा फक्त आजच्या पावसाने झाला असता, तर तो अतिवृष्टीच्या पट्ट्यातच सापडायला हवा होता. पण पन्हाळ्यावर आणि मसाई पठारावर गगनबावड्याच्या मानाने पाऊस बराच कमी, तरी जांभा आहे. कर्नाटकातल्या बिदरला तर 1000 मिलिमीटरही पाऊस नाही, आणि तिथले पठार जाड जांभ्याचे. याचा उलगडा जुन्या हवामानात होतो. लाव्हा थंडावल्यानंतर भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकताना विषुववृत्त ओलांडत होता, आणि तेव्हाची पृथ्वी आजच्याहून पुष्कळ उष्ण होती. उंच पठारांवरचा जांभा बहुतांशी त्या दमट काळात रुजला. सह्याद्रीचा उंच कडा आणि त्याच्या आडोशाचा कमी पाऊस नंतरचा.

म्हणून पठारावरचा बॉक्साइट खणून नेला की तो थर आजच्या पावसाने भरून निघत नाही. त्याला लागलेली लाखो वर्षे बाजूला ठेवली, तरी तो ज्या हवामानात झाला ते हवामानच आता पन्हाळ्यावर नाही.