‘कोळशाची वीज, म्हणजे प्रदूषण तेवढंच’?

‘वीज कोळशाचीच, मग इलेक्ट्रिक गाडीने प्रदूषण तेवढंच,’ हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पहिला भाग बराचसा खरा. हिशेब पुढे चुकतो.

लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरमागे साधारण १५ किलो सोडते. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधली गळती धरून १६ युनिट लागली, वीज बनवताना युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरलं, तरी ११ किलोच. शिवाय कर्वे रस्त्यावर सिग्नलला मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर धूर येत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन मात्र बरंच असतं. गाडी कमी फिरली तर ते भरून निघायला वेळ लागतो.

पार्किंगमधल्या चार्जिंग मीटरची महिन्याची युनिट ०.७ ने गुणा, किलोमीटरने भागा, आणि जुन्या गाडीच्या किलोमीटरमागच्या पेट्रोलला २.३ ने गुणून त्याच्याशी ताडून बघा.