ब्रेक ऑइल बदलल्यावर नरम पडलेले पेडल: अडकलेली हवा की मास्टर सिलिंडरची आतली गळती?

स्पोर्ट्स कारचे ब्रेक ऑइल बदलून झाले, चारही चाकांची हवा काढून झाली, निपल (हवा काढण्यासाठी चाकापाशी असलेले छोटे स्क्रू) घट्ट केले, टाकीतली पातळी बरोबर आहे, गाडीखाली एक थेंबही दिसत नाही आणि तरीही पेडलवर पाय ठेवला की ते पूर्वीपेक्षा खोल जाते. काम सुरू करण्यापूर्वी याच गाडीचे पेडल घट्ट होते, त्यामुळे बुचकळ्यात पडायला होते. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एका निष्कर्षावर येतात: एक तर कुठे तरी हवा राहिली आहे, किंवा ब्रेक पंप, म्हणजेच मास्टर सिलिंडर, आतून गेला आहे. हे दोन्ही दोष खरोखर होतात आणि दोन्ही नेमके ऑइल बदलल्यावरच डोके वर काढतात, पण त्यांचे मूळ वेगळे आहे आणि उपायही वेगळे आहेत. ओळख चुकली की रोग एक आणि औषध भलतेच, अशी गत होते. हवा असताना सिलिंडर बदलला तर पैसे आणि श्रम वाया जातात, एवढेच. मात्र सिलिंडरमधला ऑइल अडवणारा रबरी कप फाटलेला असताना ‘थोडी हवा असेल, निघून जाईल’ असे म्हणून गाडी रस्त्यावर काढली, तर त्याची किंमत कोणी तरी जिवाने मोजू शकतो.

माझ्या मते घोळ इथे होतो की आपण पेडल किती नरम आहे एवढेच पाहतो. पाहायला हवे ते असे की पाय एकाच दाबाने धरून ठेवल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात पेडल काय करते. अडकलेली हवा पेडलचा प्रवास वाढवते, पण त्या प्रवासाला शेवट असतो. हवा दाबली गेली की पेडल थांबते आणि थांबलेलेच राहते. आतून गळणाऱ्या सिलिंडरचे पेडल मात्र आधी थांबल्यासारखे वाटते आणि मग पायाखालून हळूहळू सरकू लागते.

हवेचे गणित आधी पाहू. ब्रेक ऑइल व्यवहारात दाबले जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. लाइनमधला, म्हणजे ऑइलच्या पाइपांतला, दाब वातावरणाच्या दाबापेक्षा (तो साधारण १ बार असतो) ९ बारने वाढला की बुडबुड्याचे आकारमान दहाव्या हिश्श्यावर येते, आणि ५० बारला त्याचा पन्नासावा हिस्साच उरतो. म्हणजे बुडबुडा जी जागा सोडतो तिचा फार मोठा भाग पायाच्या पहिल्या हलक्या दाबातच सुटतो. समजा सिलिंडरचा व्यास २४ मिलिमीटर आहे, म्हणजे पिस्टनचे क्षेत्रफळ साधारण ४.५ चौरस सेंटिमीटर झाले. लाइनमध्ये एकच घन सेंटिमीटर हवा राहिली असेल, तर ती जागा भरून काढण्यासाठी पिस्टनला सुमारे २.२ मिलिमीटर जास्त सरकावे लागते, आणि पेडलचे गुणोत्तर ५:१ असेल, म्हणजे पिस्टनच्या पाचपट पेडल हलत असेल, तर पायाला तेच अंतर ११ मिलिमीटर जाणवते. वाटाण्याएवढ्या बुडबुड्यापायी पेडल बोटाच्या रुंदीइतके खाली जाते ते असे. स्पंजावर पाय ठेवल्यासारखी जी भावना असते ती याच सुरुवातीच्या प्रवासात असते. पुढे जोर वाढवला की पेडल घट्ट होत जाते आणि एका उंचीवर स्थिरावते.

आता सिलिंडर. आजच्या गाड्यांमध्ये एकाच नळीत एकामागे एक दोन पिस्टन असतात आणि ते दोन स्वतंत्र सर्किटांना दाब पुरवतात. प्रत्येक पिस्टनवर रबरी कप असतो. त्याची पातळ कडा नळीच्या भिंतीला चिकटून राहते, म्हणून पुढे दाबले गेलेले ऑइल मागे येत नाही. ही कडा झिजली, चिरली किंवा तिच्याखाली कचऱ्याचा कण अडकला, की दाबाखालचे ऑइल कपाला वळसा घालून मागच्या बाजूला आणि तिथून टाकीत परतते. बाहेर काहीच सांडत नाही, टाकीतली पातळी कमी होत नाही, आणि म्हणूनच हा दोष लपून राहतो.

तो ऑइल बदलल्यावरच का उद्भवतो, हे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच तो टाळण्याचा मार्गही आहे. रोजच्या वापरात पिस्टन नळीच्या सुरुवातीच्या थोड्याशा भागातच मागे-पुढे होतो. तेवढा भाग कपाच्या घासण्याने गुळगुळीत राहतो. त्यापुढच्या भागात कप वर्षानुवर्षे पोहोचत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, तो ओलावा आणि जुन्या ऑइलचा गाळ त्या न वापरलेल्या भागात बसतो आणि धातूवर गंजाचे खडबडीत थर धरतात. मग ऑइल बदलायचा दिवस येतो. एक जण चाकापाशी निपल उघडतो, दुसरा आत बसून पेडल दाबतो, आणि निपल उघडे असल्यामुळे पेडल दर वेळी थेट तळाला जाऊन टेकते. कप आयुष्यात पहिल्यांदाच त्या खडबडीत भागावरून ओढला जातो, आणि तेही एकदा नव्हे, तीस-चाळीस वेळा.

असा एक सिलिंडर मी उघडून पाहिला आहे. नळीच्या तोंडाकडचा भाग आरशासारखा होता आणि त्याच्या पुढे तपकिरी कडे उमटलेले होते; बोट आत घालून फिरवले की नख त्या कड्याला अडत होते. कपाची कडा लांबून धड दिसत होती, पण बोटांनी जरा वाकवल्यावर तिच्यावर केसाइतकी बारीक, सरळ चीर उघडली. नुकसान म्हणावे असे एवढेच होते, आणि तेवढ्याने ते पेडल धरून ठेवल्यावर तळाकडे जात होते.

पाय धरून ठेवण्याची ही परीक्षा करताना काही पथ्ये पाळावी लागतात, नाही तर तीही फसवते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपतो. मग पाय एकसारख्या दाबाने अर्धा मिनिट धरावा. ही चाचणी एकदा जोराने आणि एकदा अगदी हलक्या दाबाने करावी, आणि हलक्या दाबाची चाचणी कधीही वगळू नये. जोराने दाबल्यावर ऑइलचा दाबच कपाच्या कडेला भिंतीवर रेटतो आणि झिजलेला कपही तेवढ्यापुरता बंद बसतो. हलक्या दाबात मात्र कडा सैल राहते आणि ऑइल मागे निसटते. सिग्नलला उभे असताना पेडल हळूहळू खाली जाते आणि जोरात ब्रेक मारल्यावर सगळे ठीक वाटते, अशी तक्रार असेल तर संशय पहिल्यांदा सिलिंडरवर घ्यावा. पेडल दाबून धरलेले असताना इंजिन सुरू केल्यावर ते थोडे खाली जाते, हा दोष नव्हे. बूस्टर काम करू लागल्याची ती खूण आहे, आणि पुष्कळ जण तिलाच गळती समजतात.

पेडल भराभर दाबून वर येते का, ही चाचणी सर्वांना माहीत असते, पण एकट्या तिच्यावर मी विसंबणार नाही. लाइनमध्ये हवा असेल तर भराभर दाबल्याने पेडल वर येते आणि जरा घट्ट होते हे खरे. परंतु गळक्या सिलिंडरचे पेडलही काही क्षण वर येते, कारण झटपट दाबताना ऑइलला मागे निसटायला वेळच मिळत नाही. पेडल वर आल्यावर पाय काढू नये, तसाच धरून ठेवावा. हवा असेल तर ते तिथेच टिकते, गळती असेल तर पुन्हा बसते. शिवाय पेडल वर येऊन दगडासारखे कडक होत असेल आणि स्पंजासारखे मुळीच वाटत नसेल, तर दोन्ही दोष बाजूला ठेवून पॅड आणि डिस्क यांच्यातले जास्तीचे अंतर, वाकडी डिस्क किंवा ढिले व्हील बेअरिंग तपासावे.

टाकीचे झाकण उघडून आत पाहिले तरी बरेच कळते. मदतनीसाने पेडल भराभर दाबून धरावे आणि मग एकदम सोडावे. हवा दाबून बसलेली असेल तर सोडताच ती फुगते आणि ऑइलची छोटी उसळी टाकीत वर येते. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि रंगावर ऑइल उडाले तर लगेच पाण्याने धुवावे. पेडल नुसते धरलेले असतानाच टाकीत मंद हालचाल दिसत राहिली, तर ऑइल कपावरून मागे येत आहे. एक अपवाद लक्षात ठेवावा. सर्वांत मागचा सील गळत असेल तर ऑइल बूस्टरच्या आत जाते, पातळी कमी होते पण जमीन कोरडीच राहते. सिलिंडर आणि बूस्टर यांच्या जोडापाशी ओल दिसते.

निर्णायक चाचणी एकच आहे आणि ती करायला थोडी मेहनत पडते. सिलिंडरमधून निघणारे पाइप सोडून त्या जागी योग्य आट्यांचे प्लग घट्ट बसवावेत आणि पेडल दाबावे. आता सिलिंडर आणि बाकीची यंत्रणा पूर्ण वेगळी झालेली असते. पेडल उंचावरच कडक लागून तसेच राहिले तर सिलिंडर निर्दोष आहे आणि दोष पुढे आहे. हळूहळू बसले तर कप गेले आहेत. कडक न लागता स्प्रिंगसारखे दबून परत आले, तर हवा खुद्द सिलिंडरमध्येच आहे. काम करताना टाकी रिकामी झाली असेल किंवा सिलिंडर तिरका बसवलेला असेल, तर त्याच्या वरच्या टोकाला बुडबुडा धरून राहतो आणि चाकांकडून कितीही ऑइल काढले तरी तो हलत नाही.

प्लग लावल्यावर पेडल उत्तम आणि पाइप जोडल्यावर पुन्हा बसते, असे झाले तर एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, हायड्रॉलिक युनिटकडे वळावे. त्यातला दाब सोडणारा व्हॉल्व्ह ऑइलबरोबर आलेल्या कणामुळे पूर्ण बंद झाला नाही, तर तो हुबेहूब गळक्या सिलिंडरची नक्कल करतो. दोन-दोन सिलिंडर बदलूनही पेडल सुधारले नाही, अशी जी उदाहरणे ऐकू येतात त्यांत याची शक्यता तपासायची राहून गेलेली असते. याच युनिटमध्ये हवाही अडकते, आणि ती बाहेर काढण्यासाठी निदानयंत्र जोडून त्यातला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

काही स्पोर्ट्स कारमध्ये ‘ब्रेक पंप’ म्हटले की वेगळीच वस्तू अभिप्रेत असते. उदाहरणार्थ पोर्शे ९६४ करेरा ४ या गाडीत व्हॅक्यूम बूस्टरऐवजी विजेवर चालणारा पंप आणि दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर आहे. ऑइल बदलल्यावर हा पंप वारंवार सुरू होऊ लागला तर इथेही तेच निरीक्षण उपयोगी पडते. पेडल एक-दोनदा दाबताच पंप सुरू होत असेल तर ॲक्युम्युलेटरमधला नायट्रोजन संपत आला आहे. पेडलला हात-पाय न लावता ठरावीक वेळाने पंप आपोआप सुरू होत असेल, तर साठवलेला दाब आत कुठे तरी गळतो आहे. अशा यंत्रणेतला दाब शंभर बारहून कितीतरी जास्त असतो, त्यामुळे इग्निशन बंद करून आणि गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पेडल अनेकदा दाबून तो उतरवल्याशिवाय एकही जोड सोडू नये.

दोष हवेचा निघाला तर केवळ जास्त ऑइल ओतून भागत नाही. स्पोर्ट्स कारच्या फिक्स्ड कॅलिपरवर (डिस्कच्या दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा, जागेवर पक्का बसवलेला भाग) बहुधा आतल्या आणि बाहेरच्या बाजूला असे दोन निपल असतात, आणि आतला निपल हाताला अवघड म्हणून वगळला जातो. कॅलिपर काढून परत बसवताना डावा-उजवा बदलला तर निपल खाली जातो आणि वरची हवा कधीच निघत नाही. कॅलिपरवर रबरी हातोडीने हलके ठोके दिले की भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. बाटली हलवून लगेच ओतलेल्या ऑइलमध्ये बारीक फेस असतो, म्हणून ते आधी स्थिर होऊ द्यावे.

दोष सिलिंडरचा निघाला आणि नळीत गंजाचे कडे असेल, तर नुसते रबर किट बदलू नये. ॲल्युमिनियमची नळी घासून साफ केली की तिचा कठीण थर जातो आणि नवा कपही लवकर खराब होतो. पूर्ण सिलिंडर बदलावा, गाडीवर चढवण्यापूर्वी वाइसमध्ये आडवा धरून त्यातली हवा काढावी, आणि लाइनचे ब्लीडिंग करताना, म्हणजे तिच्यातली हवा काढताना, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा किंवा टाकीकडून दाब देणारे उपकरण वापरावे, म्हणजे पेडल तळाला जातच नाही. खरे तर जुन्या सिलिंडरच्या गाडीत ऑइल बदलायला घेतानाच हा ठोकळा ठेवायला हवा. काम झाल्यावर गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी हलका आणि जोराचा, इंजिन बंद असताना आणि सुरू असताना, असा चारही प्रकारे अर्धा-अर्धा मिनिट पाय धरून पाहावा, आणि त्यात एकदाही पेडल सरकले तर चाके पुन्हा वर उचलावीत.