जावा मॉस

जावा मॉस म्हणजे फिशटँकमध्ये दगडाला, लाकडाला धरून वाढणारं ते हिरवं गुंतवळ. सध्या मान्य असलेलं शास्त्रीय नाव टॅक्सिफायलम बार्बिएरी. आपल्याकडे त्याला सरसकट शेवाळ म्हणतात पण ते शैवाल म्हणजे अल्गी नाही, शाळेत ब्रायोफायटाच्या धड्यात फ्युनारिया असतं ना त्या गटातलं आहे, म्हणजे खोड आणि पानं दिसतात पण खरी मुळं नाहीत आणि पाणी वर चढवणाऱ्या नळ्याही नाहीत. उलट मॉस बॉल म्हणून जो गोळा विकतात तो मात्र खरंच शैवाल आहे, मॉस नाही.

नावाचा घोळ मोठा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. कित्येक वर्षं ॲक्वेरियमच्या पुस्तकांत जावा मॉस म्हणजे वेसिक्युलेरिया डुबियाना असंच छापलं जायचं. 2000 नंतरच्या दशकात सिंगापूरला काम करणारे मॉसतज्ज्ञ बेनिटो टॅन यांनी बाजारातली मॉसेस तपासली तेव्हा जावा मॉस म्हणून विकलं जाणारं हे टॅक्सिफायलम बार्बिएरी निघालं, आणि खरं डुबियाना बाजारात सिंगापूर मॉस या नावाने चालू होतं. बार्बिएरी ही जात व्हिएतनामच्या नमुन्यावरून साधारण 20व्या शतकाच्या सुरुवातीला वेगळ्या वंशात नोंदली गेली होती, पुढे जपानचे मॉसतज्ज्ञ इवात्सुकी यांनी ती टॅक्सिफायलममध्ये आणली. म्हणजे नावात जावा असलं तरी पहिला नमुना जावाचा नाही. बार्बिएरी आणि डुबियाना यांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. एक पान चिमट्याने तोडून, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचं, वेसिक्युलेरियाच्या पेशी रुंद, सैल, षटकोनाकडे झुकणाऱ्या दिसतात आणि टॅक्सिफायलमच्या लांबट, अरुंद, रेघांसारख्या. पान एकाच पेशीच्या जाडीचं असल्यामुळे कापायचीही गरज पडत नाही. जुन्या पुस्तकांत अजून डुबियाना सापडतं पण पेशींचा पुरावा बघता टॅन यांचं म्हणणंच जास्त पटतं.

मूळ आग्नेय आशियातलं, दमट सावलीत ओल्या दगडांवर, खोडांवर, ओढ्याकाठी आणि कधी पाण्याखालीही वाढतं. टँकमध्ये याला बीजाणूंच्या बोंड्या धरलेल्या सहसा दिसत नाहीत, सगळा पसारा तुकड्यांतूनच होतो.

मुख्य उपयोग मत्स्यपालनात. झेब्रा डॅनिओ, बार्ब, टेट्रा हे मासे अंडी विखरून टाकतात आणि मागोमाग स्वतःच खातात, मॉसचा दाट थर असला की अंडी आत अडकून वाचतात. पिल्लांना लपायला जागा मिळते आणि मॉसवर जमणारे सूक्ष्मजीव खायला मिळतात, कोळंबी पाळणारे तर याच्याशिवाय टँक लावतच नाहीत.

लावायला अगदी सोपं, नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. मुठभर मॉस कात्रीने बारीक कापून लाकडावर पातळ पसरायचं आणि सुती दोऱ्याने गुंडाळायचं, काही आठवड्यांत ते तपकिरी तंतूंनी लाकूड धरतं, मग दोरा कुजला तरी चालतं. हे तंतू फक्त धरून ठेवायला असतात, अन्न पानांतून घेतलं जातं, त्यामुळे खाली माती नसली तरी काही बिघडत नाही. जाड थर लावू नये, आतला भाग उजेडाविना काळा पडून सुटतो आणि सगळा गठ्ठा वर तरंगतो. साधारण 22 ते 26 अंशांत छान वाढतं, आपल्या एप्रिल-मेमध्ये टँक 30 च्या वर गेला की वाढ मंदावते, अशा वेळी पाण्यावर पंख्याचा वारा सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात. लिक्विड कार्बन, म्हणजे पाणवनस्पतींसाठी टँकमध्ये टाकतात ते द्रव, जपून वापरावं, जास्त झालं तर मॉस पांढरं पडतं. खरा शत्रू मात्र केसांसारखं शैवाल, ते एकदा आत शिरलं की मॉसपासून वेगळं काढता येत नाही, तेव्हा चांगली हिरवी चार टोकं खुडून स्वच्छ पाण्याच्या बरणीत ठेवायची आणि त्यातून नवं वाढवायचं.