हातावरचा प्रत्येक पांढरा ठिपका कोडाचा नसतो

“हातावर पांढरे ठिपके दिसले की कोड सुरू झालं समजा, माशांवर दूध पिणं बंद करा.” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे, कोडाच्या नुसत्या संशयावरून लग्नं मोडतात. पण मासे-दुधाने कोड होत नाही.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. काही जणांच्या, विशेषतः तरुणांच्या, हातापायांवर दिसणाऱ्या ठिपक्यांत मात्र रंग शाबूत असतो. हात बराच वेळ खाली राहिला की रक्त साचून त्वचा लालसर होते. मध्येमध्ये बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तेवढीच जागा फिकट दिसते.

घरीच पडताळून बघा. हात डोक्याच्या वर धरा, ठिपके थोड्या वेळात विरतात. किंवा पारदर्शक काचेचा पेला ठिपका आणि भोवतालच्या त्वचेवर दाबा: रक्त सरकतं, आजूबाजूची त्वचाही फिकट होते आणि ठिपक्याची कड हरवते. कोडाचा डाग दोन्ही वेळा तसाच राहतो. सावळ्या त्वचेवर हे बघायला भरपूर उजेड हवा.

या ठिपक्यांना औषध लागत नाही. डाग हटतच नसेल किंवा तिथे स्पर्श कळत नसेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बधिर डाग कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि तो औषधांनी बरा होतो.