पुनःसंयोजित बीडीएनएफ : टंचाईतून आलेले साधन

चेतापेशींवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये आज बीडीएनएफ (मेंदूतून मिळालेला चेतापोषक घटक) या प्रथिनाच्या कुप्या सर्रास आढळतात. काही मायक्रोग्रॅम पांढरी भुकटी विरघळवून तिचे काही नॅनोग्रॅम संवर्धनद्रवात मिसळले की चेतापेशी तग धरतात आणि त्यांना तंतू फुटतात. हे प्रथिन एके काळी किती दुर्मीळ होते, हे लक्षात घेतल्याशिवाय ते पुनःसंयोजित रूपात, म्हणजे त्याचे जनुक जिवाणूंत किंवा संवर्धित पेशींत घालून त्यांच्याकडून, का बनवून घ्यावे लागले, ते समजत नाही.

या कथेची सुरुवात त्याच्या भावंडाने, म्हणजे एनजीएफ (चेतावृद्धी घटक) या त्याच कुळातील प्रथिनाने होते. रीटा लेव्ही-माँटाल्चिनी यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सेंट लुईस येथे, उंदराच्या विशिष्ट कर्कगाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात रुजवल्यावर आसपासच्या चेतातंतूंची वाढ झपाट्याने होते, हे अभ्यासले. पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी त्यामागील हा घटक वेगळा केला. सापाचे विष आणि नर उंदराची जबड्याखालील लाळग्रंथी या दोन्हींत तो विपुल आहे, हा शोध निर्णायक ठरला. या योगायोगाचे मोल पुरेसे सांगितले जात नाही, असे मला वाटते. ग्रंथीतून हवे तेवढे प्रथिन मिळत असल्यानेच 1971 मध्ये एनजीएफमधील अमिनो आम्लांचा क्रम लागला आणि त्याचे कार्य तपासता आले. कोहेन आणि लेव्ही-माँटाल्चिनी यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूतील घटकाला अशी सोयीची ग्रंथी नव्हती. ईव्ह-अलँ बार्द, डेव्हिड एडगर आणि हान्स थोएनन यांनी 1982 मध्ये डुकराच्या मेंदूतून बीडीएनएफ शुद्ध केले, तेव्हा दीड किलो ऊतीतून हाती आले ते अंदाजे एक मायक्रोग्रॅम, आणि त्यासाठी शुद्धता दहा लाख पटींहून अधिक वाढवावी लागली. एवढ्याशा साठ्यावर प्रयोगांची मालिका चालवणे शक्यच नव्हते. त्यामुळे 1989 मध्ये त्याचे जनुक क्लोन झाले, म्हणजे वेगळे काढून त्याच्या प्रती करता आल्या, ही या प्रथिनाच्या इतिहासातील खरी कलाटणी होती. जनुक हाती येताच प्राण्याच्या मेंदूवरचे अवलंबन संपले. परिपक्व बीडीएनएफची 119 अमिनो आम्लांची साखळी मानव, उंदीर आणि डुक्कर यांच्यात एकसारखीच असल्यामुळे मानवी जनुकापासून बनवलेले प्रथिन उंदराच्या चेतापेशींवरही तितकेच काम करते.

तरीही जनुक जिवाणूत घातले की काम झाले, असे नव्हते. या साखळीत तीन डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधील जोड) योग्य जोड्यांतच जुळावे लागतात आणि अशा दोन साखळ्या एकत्र आल्यावरच प्रथिन कार्यक्षम होते. ई. कोलाय जिवाणूत मात्र ते बहुधा चुकीच्या घडीचे, न विरघळणारे गोळे होऊन साचते. हे गोळे विरघळवून प्रथिनाची पुन्हा नीट घडी घालावी लागते. जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन या विषारी घटकाचा अंश राहिला, तर तो मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींना उत्तेजित करतो आणि प्रयोगातील परिणाम नेमका कशाचा, हेच कळेनासे होते. शिवाय धनभारित बीडीएनएफ नळीच्या भिंतींना चिकटते. म्हणून पातळ द्रावणात अनेकदा अल्ब्युमिनसारखे वाहक प्रथिन घालतात.

पुरवठा सुकर झाल्यावर प्रश्नही बदलले. बीडीएनएफ पेशीवरील ज्या ग्राहकाला (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) जोडले जाते तो ट्रकबी 1991 मध्ये ओळखला गेला. पेशीत हे प्रथिन आधी लांब पूर्वरूपात तयार होते. त्याचा पुढचा भाग कापला गेला की परिपक्व रूप उरते, आणि या तुकड्याकडे दीर्घकाळ फारसे कोणी पाहिले नव्हते. एनजीएफचे न कापता येणारे पूर्वरूप पुनःसंयोजनाने बनवल्यावर ते पी75 या दुसऱ्या ग्राहकामार्फत पेशींना मृत्यूकडे नेते, असे 2001 मध्ये दिसले. बीडीएनएफच्या पूर्वरूपाबाबतही 2005 मध्ये तसेच निष्कर्ष आले, शिवाय ते चेतासंधींची (दोन चेतापेशींमधील सांध्यांची) जोडणी दुबळी करते, असेही आढळले. ऊतीतून काढलेल्या मिश्रणात ही दोन रूपे वेगळी तपासणे जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच आज कुपी मागवताना प्रथिनाचे नाव पुरेसे नसते. ते परिपक्व आहे की पूर्वरूप, हे आधी पाहावे लागते.