बेसाल्ट तंतू

बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य काळ्या खडकाचा रस करून त्यातून ओढलेला अखंड धागा, तसेच त्या धाग्यापासून केलेले कापड, पट्टी, जाळी, दोर आणि सळई. आखूड तंतूंची ‘दगडी लोकर’ ही त्याचीच थोरली बहीण.

खानदेशात हा दगड कोणाला नवा नाही. जाते, पाटा-वरवंटा, घराचा पाया, रस्त्याची खडी, विहीर खणताना पहार परतवणारा कातळ, सगळे त्याचेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. आजही तो खडक सुमारे ५ लाख चौ. किमी. वर पसरलेला आहे. धुळे-नंदुरबार भागात जमिनीच्या भेगांत लाव्हा गोठून झालेले ‘डाइक’ शेतांमधून पडक्या तटबंदीसारखे लांबच लांब गेलेले दिसतात. कपाशीची काळी जमीनही हाच दगड झिजून झालेली. तेव्हा खानदेशचा कापूस एका अर्थी दगडातूनच येत आला आहे. बेसाल्ट तंतू मधली माती, पाऊस आणि बोंड तेवढे गाळतो.

मात्र खाणीतला कुठलाही काळा धोंडा धाग्याला चालत नाही. दगडात सिलिका साधारण ४६ टक्क्यांहून जास्त लागते आणि घडण सर्वत्र सारखी लागते. विहीर खणणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात तो सच्छिद्र, पांढऱ्या खड्यांनी भरलेला दगड या कामाचा नाही: त्या खड्यांतले पाणी तापले की रसात बुडबुडे येतात आणि बुडबुडा आला की धागा तुटतो.

निवडलेला दगड फोडून, धुऊन भट्टीत सुमारे १,४५० ते १,५०० अंश सेल्सिअसला वितळवतात. काचतंतूंसाठी वाळू, चुनखडी वगैरेंचे मिश्रण करावे लागते. इथे दगड एकटाच पुरतो. अडचण वेगळीच. दगडातल्या लोहामुळे रस काळा असतो आणि उष्णता वरच्या वरच शोषतो, खाली पोचू देत नाही. म्हणून रसाचा थर उथळ ठेवतात किंवा आत विद्युतअग्रे बुडवून तो खालूनही तापवतात. पुढे प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या ताटलीला शेकडो बारीक भोके असतात. त्यांतून ओघळणारी धार फिरत्या रिळावर वेगाने ओढली की ९ ते २० मायक्रॉन जाडीचे तंतू मिळतात. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड. रंग जुन्या पितळेसारखा, किंचित हिरवट. हवाई बेटांवर उसळत्या लाव्हाचे शिंतोडे वाऱ्याने ताणले जाऊन असेच केस आपोआप बनतात. तिथे त्यांना ज्वालामुखीची देवी पेले हिचे नाव आहे.

दगडाचा तंतू ओढण्याचे अमेरिकी पेटंट पॅरिसच्या पॉल धे यांना १९२२ मध्ये मिळाले. पण खरी मेहनत सोव्हिएत संघात १९५० नंतर झाली, तीही संरक्षण व अवकाशाच्या कामासाठी, गुपचूप. ते संशोधन १९९५ मध्ये खुले झाले.

सुती ताण्याला खळ देतात तसा या तंतूंनाही ओढतानाच लेप द्यावा लागतो, नाहीतर ते एकमेकांना घासून तुटतात. मागावर त्यांचे वागणे सुतासारखे नाही. ओढले तर पोलादाला हार जात नाहीत, पण तीक्ष्ण वळण दिले की कट्‌कन मोडतात. कापताना उडणारी कूस हाताला खाजते. त्यामुळे याचा सदरा कोणी शिवत नाही, शिवूही नये. कापड जाते ते आगरोधक पडद्यांत, वाहनांच्या तापलेल्या धूरनळ्यांवरच्या पट्ट्यांत, गरम वायूच्या गाळण्यांत. सुमारे ६०० अंशांपर्यंत ते टिकाव धरते. जाळी रस्त्याच्या थरांत घालतात, तुकडे काँक्रीटमध्ये मिसळतात.

सळईचा गाजावाजा मात्र जरा जास्तच होतो. तंतू रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत) बसवून केलेली ही सळई गंजत नाही आणि तिचे वजन पोलादी सळईच्या चौथाईच्या आसपास असते. पण कडकपणाही चौथाईच, त्यामुळे तुळई जास्त वाकते. ताण हद्दीबाहेर गेला की पोलादासारखी आधी लांबत नाही, एकदम तुटते. आणि आगीत दगडाच्या कितीतरी आधी रेझिन हार मानते. जागेवर वाकवून तिची रिंगही करता येत नाही. खाऱ्या हवेतल्या बांधकामाला ती शोभते. घराच्या स्लॅबसाठी गवंड्याने सुचवली तर आधी अभियंत्याला विचारावे.

दगडी लोकरीची कृती वेगळी: बेसाल्टचा रस फिरत्या चाकांवर फेकला की म्हातारीच्या कापसासारखे आखूड तंतू उडतात, त्यांची गादी दाबतात. ॲस्बेस्टॉसशी तिची गल्लत होते, ती चुकीची आहे. ॲस्बेस्टॉस उभे चिरत जाऊन अतिसूक्ष्म होतो, बेसाल्टचा तंतू आडवा मोडतो. तरी काम करताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. औष्णिक वीजकेंद्रांत वाफेच्या नळ्यांना जे ‘लॅगिंग’ (उष्णता राखणारे वेष्टन) करतात, त्यात वरचा पत्रा उघडला की तारेच्या जाळीत शिवलेली बहुधा हीच मातकट गादी दिसते.